हेल्मूट वाल्खा : प्रत्येक आवाज स्वतंत्र ऐकणारा ऑर्गनवादक

प्रश्न असा आहे की जर्मन ऑर्गनवादक हेल्मूट वाल्खा यांनी केलेली, बाख या अठराव्या शतकातील जर्मन रचनाकाराच्या संगीताची ध्वनिमुद्रणे इतक्या दशकांनंतरही जाणकार आवर्जून का सुचवतात, पूर्णपणे अंध असताना त्यांनी एवढे गुंतागुंतीचे संगीत आत्मसात कसे केले, आणि बरोक, म्हणजे साधारण सतराव्या आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, संगीताविषयीचे संशोधन आज इतके पुढे गेले असताना त्यांचे वादन कालबाह्य झाले आहे असे म्हणावे का. ऐकायला सुरुवात कोठून करावी, हेही जोडीला विचारले आहे. मी बरीच वर्षे चर्चमध्ये पाइप ऑर्गन वाजवत आणि शिकवत आलो आहे, त्यामुळे उत्तर रसिकापेक्षा वादकाच्या बाजूने अधिक झुकलेले असेल. माझ्या मते हे तीन प्रश्न वेगळे नाहीत. वाल्खा ज्या रीतीने रचना शिकले त्या रीतीतूनच त्यांचे वादन घडले आणि त्या वादनाच्या मर्यादाही तिच्यातूनच आल्या.

आधी वाद्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण बालगंधर्वांच्या नाटकांतील साथीमुळे ऑर्गन म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांपुढे पायाने भाता मारून वाजवायचा, आत धातूच्या पात्या असलेला ऑर्गन येतो. इथे ज्याची चर्चा आहे तो पाइप ऑर्गन आहे. त्यात शेकडो, मोठ्या वाद्यात हजारो नळ्या असतात. एकसारख्या स्वरगुणाच्या नळ्यांच्या एका संचाला स्टॉप म्हणतात. हातांसाठी एकावर एक बसवलेल्या दोन, तीन किंवा अधिक स्वरपट्ट्या असतात, त्यांना मॅन्युअल म्हणतात, आणि पायांसाठी पेडलची स्वतंत्र पट्टी असते. पेटी वाजवणारा भात्याच्या हाताने सूर फुगवू शकतो, ओसरवू शकतो. बरोक काळातील उत्तर जर्मन ऑर्गनवर ही सोय नाही. हवेचा दाब स्थिर असतो, पट्टी हळू दाबा की जोरात, स्वर तेवढ्याच मोठ्याने वाजतो आणि बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. म्हणजे ज्याला आपण स्वरावर जोर देणे म्हणतो ते या वाद्यावर जोराने साधतच नाही. ते साधते फक्त काळाने : आधीचा स्वर किती लवकर सोडला, नवा स्वर क्षणभर उशिरा आला का, दोन स्वरांमध्ये शांततेची फट किती ठेवली. ऑर्गनवादकाचे अर्धे कौशल्य पट्टी सोडण्यात आहे, आणि नवशिक्याला हे पटवायला फार वेळ लागतो.

आता माणसाकडे वळू. वाल्खा यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९०७ रोजी लाइपझिग येथे झाला. देवीच्या लसीच्या दुष्परिणामातून त्यांची दृष्टी गेली आणि विशी उलटण्यापूर्वीच ते पूर्ण अंध झाले. लाइपझिगच्या कॉन्झर्व्हेटरीत ते ग्युंटर रामीन यांच्याकडे शिकले आणि १९२६ ते १९२९ या काळात थोमासकिर्शे या चर्चमध्ये, म्हणजे जिथे स्वतः बाख १७२३ पासून मृत्यूपर्यंत संगीतप्रमुख होते तिथेच, त्यांनी रामीन यांचे साहाय्यक म्हणून काम केले. १९२९ मध्ये ते फ्रांकफुर्टला गेले आणि पुढचे सारे आयुष्य त्याच शहरात राहिले. आधी फ्रीडेन्सकिर्शे, मग १९४६ पासून १९८१ पर्यंत ड्रायक्योनिग्जकिर्शे इथे ते ऑर्गनवादक होते, आणि १९३८ पासून १९७२ पर्यंत तिथल्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक. ११ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. ते देशोदेशी सतत कार्यक्रम करणारे वादक नव्हते. त्यांची कीर्ती पसरली ती ध्वनिमुद्रणांमुळे आणि शिष्यांमुळे, ज्यांत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आलेल्या अमेरिकन ऑर्गनवादकांची संख्या मोठी होती आणि ज्यांनी परत जाऊन तिथल्या विद्यापीठांत ऑर्गनचे वर्ग उभे केले.

त्यांच्या शिकण्याच्या पद्धतीकडे मी सर्वांत जास्त लक्ष वेधीन. ब्रेल लिपीत स्वरलेखन आहे, पण ते बोटांनी वाचावे लागते आणि वाचताना निदान एक हात वाद्यावर नसतो, शिवाय चार-पाच स्वतंत्र ओळी एकाखाली एक एका नजरेत दिसतात तशा त्या बोटाला एकदम कळत नाहीत. वाल्खा यांचा मार्ग वेगळा होता. आधी त्यांची आई, पुढे पत्नी उर्सुला आणि काही शिष्य त्यांना रचनेतील एकेक आवाज स्वतंत्रपणे वाजवून दाखवत. ‘आवाज’ हा शब्द इथे मी एका स्वतंत्र स्वरओळीसाठी वापरतो आहे : चार आवाजांचा फ्यूग म्हणजे चौघांनी एकाच वेळी गायलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या चार सुरावटी. आधी एक आवाज तुकड्यातुकड्याने पाठ करायचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि सगळे पक्के झाल्यावर ते डोक्यात एकत्र बांधायचे. या रीतीने चाळिशी गाठेपर्यंत बाखच्या समग्र ऑर्गनरचना त्यांना मुखोद्गत होत्या असे सांगितले जाते. त्याशिवाय हार्प्सिकॉर्डसाठीच्या, म्हणजे तारा छेडून वाजणाऱ्या पियानोपूर्व वाद्यासाठीच्या, मोठ्या रचनाही होत्या. त्यांपैकी ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ या बाखच्या संग्रहाचे दोन्ही भाग त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केले.

याकडे स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून पाहण्याचा मोह होतो आणि वर्तमानपत्री लेखन बहुधा तिथेच थांबते. मला त्यातली सांगीतिक बाजू अधिक महत्त्वाची वाटते. डोळस वादक कागदावर स्वरांचे उभे पुंजके पाहतो आणि त्याची बोटे ते पुंजके पकडायला शिकतात. उजव्या हाताच्या खालच्या दोन बोटांत जो मधला आवाज असतो तो मध्येच डाव्या हाताकडे जातो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच त्याची सुरावट तुटते, कारण ती सुरावट म्हणून वादकाने कधी ऐकलेलीच नसते. वाल्खा यांच्याकडे असा पुंजका नव्हताच. प्रत्येक आवाज त्यांच्याकडे आधी एकटा, सलग, आपल्या श्वासांसकट आला होता. हात बदलला म्हणून त्याचा श्वास बदलण्याचे कारण नव्हते.

हे जवळून पाहायचे असेल तर बाखच्या ‘ऑर्गेलब्युख्लाइन’ या संग्रहातील ‘इश रूफ त्सू दिर’ ही छोटी रचना घ्यावी (बाखच्या रचनांच्या ‘बीडब्ल्यूव्ही’ या सूचीत क्रमांक ६३९). एफ मायनरमधील ही रचना या संग्रहातील निव्वळ तीन आवाजांची एकमेव रचना आहे. वरचा आवाज म्हणजे अलंकृत केलेली मूळ भजनाची चाल, मधला आवाज डाव्या हातात सलग सोळांश, म्हणजे पाव मात्रेच्या, स्वरांत वाहतो, आणि पेडलमध्ये एकाच मापाचे अष्टमांश, म्हणजे अर्ध्या मात्रेचे, स्वर पावले टाकतात. मी विद्यार्थ्याला आधी डावा हात एकटाच वाजवायला लावतो, आणि एक स्वतंत्र सुरावट म्हणून तो पाठ झाल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मग पेडल आणि डावा हात वाजवायचे आणि वरची चाल तोंडाने गायची. त्यानंतर उलट, वरची चाल आणि पेडल वाजवून मधला आवाज गायचा. ही शेवटची पायरी बहुतेकांना घाम फोडते. आपण वाजवत होतो तो मधला आवाज आपल्याला खरे तर माहीतच नव्हता हे तिथे उघडे पडते. एक आवाज गात उरलेले वाजवण्याचा हा सराव वाल्खा यांच्या वर्गात नित्याचा होता असे त्यांच्या शिष्यांनी नोंदवून ठेवले आहे. पेडलचे ते सारख्या मापाचे स्वर तर फारच फसवे आहेत. सगळे चिकटवले तर त्याचा गारा होतो आणि सगळे तोडले तर शिवणयंत्र चालल्यासारखे वाटते. स्वर पुन्हा तोच आला की आधीचा किती लवकर सोडायचा, हे चर्चमधल्या घुमाऱ्यावर ठरते. तीन-चार सेकंद घुमणाऱ्या जागेत जो स्वर पट्टीवर स्पष्ट तुटलेला असतो तो खाली बाकांवर बसलेल्याला जोडलेलाच ऐकू येतो.

आपल्याकडे गुरूसमोर बसून, कागद न पाहता, एकेक जागा गळ्यावर चढेपर्यंत घोटणारी तालीम ज्याने घेतली आहे त्याला वाल्खा यांच्या पद्धतीत काहीच विचित्र वाटणार नाही. युरोपीय ऑर्गनवादकाला मात्र ती विचित्र वाटते, कारण तिकडे कागद हाच गुरू असतो.

दुसरी गोष्ट वाद्यांची, आणि तिथे वाल्खा यांच्या आयुष्याची गाठ एका मोठ्या चळवळीशी पडते. १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतले ऑर्गन वाद्यवृंदाची नक्कल करू लागले होते : हळूहळू वाढणारा आवाज, जाड आणि धूसर रंग, असंख्य स्टॉप. बाखही त्याच रीतीने वाजवला जाई. रामीन यांचे पूर्वसुरी कार्ल श्ट्राउबे यांनी १९१३ मध्ये बाखच्या प्रेल्यूड (फ्यूगच्या आधी येणारी प्रास्ताविक रचना) आणि फ्यूगची जी आवृत्ती काढली तीत पानोपानी आवाज वाढवण्या-घटवण्याच्या आणि स्टॉप बदलण्याच्या सूचना आहेत. याविरुद्ध प्रतिक्रिया आली. आल्बर्ट श्वाइत्सर यांनी १९०६ मध्ये ऑर्गनबांधणीवर पुस्तिका लिहून जुन्या वाद्यांची बाजू घेतली. १९२१ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात १७व्या शतकातील आराखड्यावरून ऑर्गन बांधला गेला, आणि हाम्बुर्गच्या याकोबी चर्चमधील, बरोक काळातील ऑर्गन बांधणारे आर्प श्निट्गर यांच्या ऑर्गनकडे तरुण वादकांचे लक्ष गेले. रामीन हे त्यांच्यापैकी एक. वाल्खा विद्यार्थी होते तो नेमका हाच काळ. जुन्या वाद्यावर प्रत्येक आवाज धारदार आणि वेगळा ऐकू येतो, आणि एकेक आवाज वेगळा शिकलेल्या तरुणाला दुसरे काय हवे असणार?

ऑगस्ट १९४७ मध्ये वाल्खा यांची ध्वनिमुद्रणे ल्युबेकच्या याकोबी चर्चमधील लहान ऑर्गनवर सुरू झाली. जी मालिका पुढे डॉइच ग्रामोफोनची ‘आर्काइव्ह प्रोडुक्त्सिओन’ म्हणून ओळखली गेली तिची ही सुरुवात. ल्युबेकची निवड साधी नव्हती. बाखच्या आधीच्या पिढीतील ऑर्गनकार बुक्स्टहूड यांचे हे शहर. त्यांना ऐकण्यासाठी १७०५ मध्ये विशीतला बाख आर्नश्टाटहून इथवर पायी आला होता. पण ज्या मारिएनकिर्शेत बुक्स्टहूड वाजवत त्या चर्चमधले ऐतिहासिक ऑर्गन मार्च १९४२ च्या हवाई हल्ल्यात जळून गेले होते. याकोबी वाचले, आणि त्यासोबत फ्रीडरिश श्टेलवागन यांनी १६३७ च्या सुमारास वाढवलेला ऑर्गनही वाचला. यानंतरची मुद्रणे १९५० ते १९५२ मध्ये कापेल या उत्तर समुद्राजवळच्या खेड्यात झाली. तिथला श्निट्गर यांचा ऑर्गन १६८० मध्ये हाम्बुर्गच्या एका मठासाठी बांधला गेला होता आणि १८१६ मध्ये खेड्याने तो विकत घेतला. दोन मॅन्युअल, पेडल आणि ३० स्टॉप एवढाच त्याचा पसारा. १९व्या शतकात शहरांतल्या श्रीमंत चर्चनी आपापले ऑर्गन नव्या चवीनुसार बदलून घेतले, आडबाजूच्या खेड्यांतले मात्र बरेचसे जसेच्या तसे राहिले, आणि आज आपण ‘अस्सल’ म्हणून ज्यांच्यापुढे नम्र होतो त्यांतले कितीतरी ऑर्गन असेच वाचलेले आहेत.

दुसरी संपूर्ण मालिका १९५६ ते १९७१ या काळात, स्टिरिओत झाली. तिचा मोठा भाग नेदरलँड्समधील आल्कमार येथील सिंट लॉरेन्स चर्चच्या ऑर्गनवर आहे. हा ऑर्गन १६३९ ते १६४६ या काळात व्हान हागरबेर घराण्याने बांधला आणि १७२३ ते १७२५ मध्ये आर्प श्निट्गर यांचे पुत्र फ्रान्स कास्पर यांनी तो नव्याने घडवला. डच पेटाऱ्यात उत्तर जर्मन आवाज, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. उरलेला भाग श्ट्रासबुर्गच्या सँ-प्येर-ल-झ्यन येथे झाला, जिथे मूळ ऑर्गन योहान आंद्रेआस झिल्बरमान यांचा १७८० चा असला तरी विसाव्या शतकात त्याची पुष्कळ पुनर्बांधणी झालेली आहे. या वाद्याचा रंग मला आल्कमारइतका पटत नाही. तो स्वच्छ आहे, पण थोडा कोरडा आहे.

वाल्खा यांचे वादन प्रत्यक्षात कसे आहे? फ्यूगचा विषय, म्हणजे ज्या मूळ सुरावटीवर तो उभा असतो ती, पहिल्यांदा ज्या तोड-जोडीने येतो, म्हणजे कोणते स्वर बांधलेले आणि कोणते सुटे, तीच तोड-जोड तो विषय मधल्या आवाजात आला तरी आणि पेडलमध्ये आला तरी कायम राहते. ऐकणाऱ्याला त्यामुळे विषय शोधावा लागत नाही, तो आल्याबरोबर ओळखू येतो. हे कागदावर सोपे दिसते. पाच आवाज चालू असताना दोन बोटांनी वाजणाऱ्या मधल्या आवाजाला स्वतःची तोड-जोड द्यायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांतल्या आवाजाला दुसरी, हे करून पाहिल्यावर त्याची किंमत कळते. लय घट्ट असते पण घाईची नसते. स्टॉपची निवड एकदा केली की ती रचनेचा एक भाग संपेपर्यंत सहसा बदलत नाही. बदल येतो तो रचनेच्या सांध्यावर येतो. ‘क्लॅव्हिअर-युबुंग’ या बाखच्या संग्रहाच्या १७३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या भागाचा शेवट करणारा ई-फ्लॅट मेजरचा पाच आवाजी फ्यूग (बीडब्ल्यूव्ही ५५२) याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे तीन भाग आहेत, प्रत्येकाचे तालमाप वेगळे, आणि पहिल्या भागाचा विषय पुढच्या दोन्ही भागांत नव्या विषयांबरोबर गुंफला जातो. घाईघाईत वाजवणारे वादक दुसरा भाग मधली मौज म्हणून पळवतात आणि मग जुना विषय परत येतो तेव्हा तो कोणालाच ऐकू येत नाही. वाल्खा यांच्याकडे तो न ऐकू येणे अशक्य आहे.

त्यांच्याच पिढीला जवळचे आणि रामीन यांच्याकडेच शिकलेले कार्ल रिश्टर यांच्याशी तुलना केली तर फरक लगेच जाणवतो. रिश्टर यांच्या बाखमध्ये नाट्य आहे, अंगावर येणारी ऊर्जा आहे. वाल्खा यांचे नाट्य आवाजांच्या परस्परसंबंधात आहे, वादकाच्या हावभावात नाही. दोघांपैकी एकाला निवडा असे कोणी म्हटले तर मी सभागृहात रिश्टर ऐकेन आणि स्वरलेख समोर घेऊन अभ्यास करायचा असेल तर वाल्खा यांचे मुद्रण लावीन.

आता कालबाह्यतेचा प्रश्न. वाल्खा यांच्यानंतरच्या पिढीने, विशेषतः डच हार्प्सिकॉर्ड आणि ऑर्गनवादक गुस्ताफ लिऑनहार्ट आणि त्यांच्या परंपरेतील वादकांनी, १७व्या आणि १८व्या शतकातील ग्रंथ, जुनी बोटांची योजना, असमान स्वरजुळणी यांचा कसून अभ्यास केला. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : त्या काळात मात्रेतले सगळे स्वर सारखे मानले जात नसत. मात्रेच्या बलस्थानावरचा स्वर ‘चांगला’, त्यानंतरचा ‘हलका’, आणि वादनात हा भेद सतत जाणवायचा. स्वर मुळात किंचित सुटे वाजवले जात आणि सलग बांधणे हा अलंकार होता. वाल्खा यांच्याकडे याच्या उलट आहे. त्यांची तोड-जोड विषयाच्या आकारावरून ठरते, मात्रेवरून नव्हे, आणि एकदा ठरली की ती अढळ राहते. त्यांची लयही आजच्या कानाला कधी कधी फार सरळ वाटते. त्यांच्या स्टॉपयोजनांवर त्यांच्या तारुण्यातील चळवळीची छाप आहे. मधला पाया पातळ ठेवून वर उंच, चमकदार स्टॉप ठेवण्याची त्या काळातली आवड बरोक वादकांची नव्हती, १९२० आणि १९३० च्या दशकांची होती. ही टीका मला मान्य आहे.

पण ती सगळीकडे सारखी लागू पडत नाही, आणि सरसकट बोलणाऱ्यांशी माझे इथे मतभेद आहेत. ज्या संगीतात क्षणोक्षणी मनःस्थिती बदलते, मुक्त आलापासारखे भाग येतात आणि लय वादकाच्या हाती सोडलेली असते, अशा उत्तर जर्मन प्रेल्यूडमध्ये वाल्खा कमी पडतात. १७३९ मध्येच योहान माटेसोन या जर्मन संगीतलेखकाने या कल्पनाशैलीचे वर्णन करताना ती मापाच्या बंधनातून मोकळी असल्याचे म्हटले होते. १९७७ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, वाल्खा पुन्हा कापेलला गेले आणि बाखच्या आधीच्या ऑर्गनकारांच्या रचना त्यांनी मुद्रित केल्या. त्यांतले बुक्स्टहूड आणि ब्रून्स यांच्या प्रेल्यूडमधले फ्यूगचे भाग उत्तम आहेत. पण त्यांच्या मधले मोकळे भाग, जिथे वादकाने थबकावे, धावावे, विचारात पडल्यासारखे करावे, तिथे ते शिस्त सोडत नाहीत. टोकाटा म्हणजे वादकाची चपळाई दाखवणारी मुक्त रचना; डी मायनरमधील सुप्रसिद्ध टोकाटा (बीडब्ल्यूव्ही ५६५) घेतला तरी हेच. ती रचना बाखच्या हस्ताक्षरात उपलब्ध नाही, योहानेस रिंक याच्या प्रतीवरून आपल्याला माहीत आहे आणि तिच्या कर्तृत्वाविषयीच वाद आहे, हा भाग वेगळा. पण तिची सुरुवातीची ओळ इतर वादकांच्या हाती जशी विजेसारखी कोसळते तशी त्यांच्याकडे कोसळत नाही.

उलट, जिथे रचनेचे सत्त्व आवाजांच्या स्वातंत्र्यात आहे तिथे नंतरच्या संशोधनाने त्यांना मागे टाकले असे मी म्हणणार नाही. सहा ट्रायो सोनाटा (बीडब्ल्यूव्ही ५२५ ते ५३०) घ्या. उजव्या हाताला एक मॅन्युअल, डाव्या हाताला दुसरे, पेडलमध्ये खालचा आवाज. तिघांना बरोबरीचा हक्क, आणि लपायला कुठेही जागा नाही. बाखने या थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्या सरावासाठी लिहिल्या असे फोर्केल या चरित्रकाराने नोंदवले आहे. कोणत्याही ऑर्गनवादकाला विचारा, या सहांतला कोणताही जलद भाग तो मैफिलीच्या दिवशी सकाळी न घाबरता वाजवू शकतो का. वाल्खा यांचे या सोनाटांचे वादन ऐकताना तीन वादक बसले आहेत असा भास होतो, आणि त्याचे कारण त्यांच्या शिकण्याच्या पद्धतीत आहे हे मी वर सांगितलेच.

त्यांच्या कठोरपणाची एक बाजू मात्र मला पटत नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी माक्स रेगर या जर्मन रचनाकाराच्या ऑर्गनसंगीतावर टीकात्मक लेख लिहिला, त्या संगीतातील गर्दीला आवाजांची खरी बांधणी नाही असा त्यांचा आक्षेप होता, आणि आपल्या अध्यापनातून त्यांनी रेगर यांना बाहेर ठेवले. स्वतः तरुणपणी लाइपझिगच्या ज्या परंपरेत ते वाढले तिच्या केंद्रस्थानीच रेगर होते. एकाच तत्त्वाने संगीताकडे पाहणाऱ्या माणसाला त्या तत्त्वात न बसणारे मोठेपण दिसत नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल. याच्या तुलनेत फ्रेंच ऑर्गनवादक मारी-क्लेअर आलँ यांनी बाखच्या समग्र ऑर्गनरचना तीन वेळा मुद्रित केल्या आणि दर वेळी वाद्ये, लय, तोड-जोड यांचा पुन्हा विचार केला. वाल्खा यांच्या दोन मालिकांत असा मतपालट जवळजवळ नाही. पहिल्या मालिकेतला वादक दुसऱ्या मालिकेत तोच आहे, फक्त थोडा अधिक निवांत.

रचनाकार म्हणूनही त्यांचा उल्लेख करायला हवा. भजनांच्या चालींवर आधारित कोराल-प्रेल्यूडचे त्यांचे चार खंड प्रसिद्ध आहेत आणि रविवारच्या उपासनेत त्यांतल्या लहान रचना फार उपयोगी पडतात. अधिक धाडसाचे काम म्हणजे ‘आर्ट ऑफ फ्यूग’चा शेवट. बाखच्या मृत्यूनंतर १७५१ मध्ये छापल्या गेलेल्या या संग्रहातील शेवटचा मोठा फ्यूग हस्तलिखितात २३९ व्या मापाशी (तालाच्या एका आवर्तनाला माप म्हणतात) तुटतो. तोवर तीन विषय आले आहेत, आणि तिसरा म्हणजे बाखच्या नावातील अक्षरांचेच स्वर, कारण जर्मन स्वरनामांत ‘बी’ म्हणजे बी-फ्लॅट आणि ‘एच’ म्हणजे बी-नॅचरल. १८८१ मध्ये संगीताचे अभ्यासक गुस्ताफ नोट्टेबोम यांनी दाखवून दिले की संपूर्ण संग्रहाचा मूळ विषय या तिन्ही विषयांबरोबर एकाच वेळी बसतो. म्हणजे बाखच्या मनात चौथा विषय बहुधा होता आणि शेवटी चारही एकत्र यायचे होते. वाल्खा यांनी हा शेवट स्वतः रचला, आपल्या ऑर्गन आवृत्तीत तो दिला आणि वाजवलाही. असे शेवट अनेकांनी रचले आहेत आणि बहुतेकांत रचणाऱ्याची विद्वत्ता बाखपेक्षा पुढे धावते. वाल्खा यांचा शेवट आखूड आणि संयमी आहे. बाखची लेखणी कोठे थांबली ते माहीत असूनही शेवटाच्या आवाजांत जोड चटकन दिसत नाही, आणि माझ्या लेखी हीच त्याची पावती आहे. १९५६ मध्ये आल्कमारला मुद्रित झालेला ‘आर्ट ऑफ फ्यूग’ हा त्यांच्या स्टिरिओ कामातला अगदी सुरुवातीचा भाग, आणि मला विचाराल तर सर्वांत मोलाचा.

कोठून सुरुवात करावी? थेट टोकाटावर जाऊ नये. तिथे वाल्खा यांची कमजोर बाजू आधी दिसेल. ‘इश रूफ त्सू दिर’पासून सुरू करावे, आणि ते दोनदा ऐकावे : एकदा वरच्या चालीकडे लक्ष देऊन, दुसऱ्यांदा फक्त डाव्या हाताकडे. मग पहिल्या ट्रायो सोनाटाचा पहिला भाग, मग ई-फ्लॅटचा फ्यूग. सी मायनरमधील पासाकाल्या (बीडब्ल्यूव्ही ५८२) त्यानंतर. आठ मापांच्या विषयावर २० आवर्तने आणि शेवटी फ्यूग, असा तो भव्य प्रकार आहे. त्यात विषय पेडलमधून वर हातांत जातो आणि पुन्हा खाली येतो, तो प्रवास कानाने पकडता आला की बाकी आपोआप उलगडते. ‘आर्ट ऑफ फ्यूग’ सर्वांत शेवटी, आणि एका बैठकीत संपूर्ण नव्हे. जिथे दोन्ही मालिकांतले मुद्रण मिळेल तिथे कापेलचे जुने मोनो आधी ऐकावे. त्याची ध्वनिगुणवत्ता अर्थातच जुनी आहे, पण त्या लहान ऑर्गनचा खरखरीत, जिवंत पोत पुढच्या मोठ्या वाद्यांत थोडा हरवतो. आणि शक्य असल्यास हेडफोनपेक्षा खोलीतल्या स्पीकरवर ऐकावे, कारण या वाद्याला भोवती हवा लागते. त्याच रचना नंतर लिऑनहार्ट किंवा आलँ यांच्याकडून ऐकल्या तर वर सांगितलेले ‘चांगले’ आणि ‘हलके’ स्वर म्हणजे काय ते अधिक स्पष्टीकरणाशिवाय कळेल. तोवर आवाज वेगळे ऐकण्याची सवय लागलेली असेल, आणि ती वाल्खा यांच्याकडून जितक्या लवकर लागते तितकी दुसऱ्या कोणाकडून लागताना मी पाहिलेली नाही.